पाताळकाकांची लिफ्ट

गॅरेजमध्ये शिरलं की आधी टेबल दिसायचं, मग टेबलामागे ताई दिसायच्या. काका दिसायचेच नाहीत. नुसता आवाज यायचा, तोही जमिनीतून. "कोण आलंय?" असा. म्हणून गिऱ्हाइकं त्यांना पाताळकाका म्हणायला लागली. ते नाव इतकं चिकटलं, की पावतीवरची त्यांची सही वाचून एका जुन्या गिऱ्हाइकानं ताईंना विचारलं होतं, "हे कोण? नवीन माणूस ठेवलात वाटतं?"

खड्डा काकांच्या वडिलांनी खणून घेतलेला. वडील बुटके होते. त्यांनी आपल्या डोक्याच्या मापानं खड्ड्याची खोली ठरवली, कडा बांधून घेतल्या, उतरायला चार लोखंडी पायऱ्या लावल्या आणि गाड्यांखाली ताठ उभं राहून वीस वर्षं काम केलं. मुलगा मात्र आईच्या वळणावर गेला, उंच झाला. एकोणिसाव्या वर्षी तो खड्ड्यात उतरला तेव्हा त्याचं डोकं गाडीच्या पोटाला आपटलं. वडील म्हणाले, "सवय होईल." सवय झाली. सदतीस वर्षं काका मान पुढे काढून, गुडघे किंचित वाकवून उभे राहिले.

ताई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. वडील गेल्यावर बहीणभावांनी गॅरेज चालवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. ठरवून नाही, राहून गेलं. वरचं सगळं ताईंकडे, म्हणजे गिऱ्हाइकं, किल्ल्या, फोन आणि सुट्या भागांची मागणी. खालचं सगळं काकांकडे. काही कामं दोघांची मिळून असत. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर एकानं गाडीत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू सोडायचा. ताई गाडीत बसायच्या. काका खालून म्हणायचे, "दाब." ताई दाबून म्हणायच्या, "धरलंय." काका म्हणायचे, "सोड." दिवसात कधी कधी एवढंच बोलणं व्हायचं, पण ते दिवसभर पुरायचं.

खड्ड्यातून काकांना माणसांचे पाय तेवढे दिसत. कोण आलंय हे ते चपलेवरून ओळखत. चिखलाचे बूट आले की दूधवाल्याची व्हॅन, निळ्या पट्ट्यांच्या सँडल आल्या की ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. तीन वर्षांपूर्वी एक चकचकीत पॉलिश केलेले तपकिरी बूट यायला लागले. ते एका निवृत्त भूगोल शिक्षकांचे होते. ते शेजारच्या शहरात राहत आणि त्यांच्या जुन्या गाडीत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, काहीतरी खडखडायचं. काकांनी एकदा तपासलं, काही सापडलं नाही. महिन्यानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काकांनी गाडीखालचा एकूण एक बोल्ट आवळून पाहिला. वर तपकिरी बूट ताईंच्या टेबलाशी उभे होते ते हललेच नाहीत. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज गाडीत नव्हताच.

साठीला एक वर्ष उरलं असताना ताईंनी रजिस्टर लग्न केलं. काका साक्षीदार म्हणून सही करायला गेले. नखांतलं ग्रीस घासूनही निघालं नव्हतं, म्हणून फोटोत त्यांनी हात पाठीमागे घेतलेत. जाताना ताई म्हणाल्या, "अरे, दोन तासांवर तर आहे. कधीही ये."

"येईन की," काका म्हणाले.

त्या वर्षात ते एकदाही गेले नाहीत. काम होतं, हे खरंच होतं. गॅरेज होतं तसंच चाललं, फक्त टेबलामागे कोणी नव्हतं. गिऱ्हाइकं किल्ली टेबलावर ठेवून जमिनीकडे बघून बोलायची आणि निघून जायची. ब्रेकचं काम निघालं की काका गिऱ्हाइकालाच गाडीत बसवायचे. पण त्यांना केव्हा दाबायचं ते कळायचं नाही. एकानं तर "सोड" म्हटल्यावर गाडीच सोडली आणि उतरून खाली वाकून बघायला आला.

मग पाय मोडला.

साधा कामाचा दिवस होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. खड्ड्यावर गाडी उभी होती. काका तेलाचा डबा घेऊन उतरत होते. तिसऱ्या पायरीवर सांडलेलं तेल त्यांना माहीत होतं. पुसायचं म्हणून सकाळीच ठरवलं होतं. पाय सटकला, घोटा खाली दुमडला आणि काका खड्ड्याच्या तळाशी बसले ते उठलेच नाहीत. घोट्याचा आकार बघून त्यांनी ओळखलं की हे आवळून बसवण्यातलं नाही.

फोन वर टेबलावर होता. पाच फूट वर. चार पायऱ्या होत्या, पण एका पायानं त्या चढणं जमेना. दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नाद सोडला.

अकरा वाजता गाडीचा हॉर्न वाजला. "काका! ओ पाताळकाका!" ड्रायव्हिंगबाईंचा आवाज. काका ओरडले. नेमका त्याच वेळी मागचा कॉम्प्रेसर सुरू झालेला. हवा भरताना तो असा धडधडायचा की शेजारचा शिंपी शिव्या घालायचा. काका ओरडत राहिले. वर बाई बोलल्या, "शटर उघडं टाकून कुठं गेले हे?" मग दार आपटलं, गाडी गेली. मिनिटभरानं टाकी भरली आणि कॉम्प्रेसर बंद पडला. एवढी शांतता झाली की काकांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. आता हाक मारली असती तर रस्त्यापर्यंत गेली असती. त्यांनी मारलीही, दोन-तीनदा. मग उगाच लाजल्यासारखं झालं आणि ते गप्प बसले.

चार तास ते तसे बसून होते. गाडीच्या पोटाखालचा गंज त्यांनी इतका वेळ कधी निरखला नव्हता. तहान लागली. पाय ठणकून ठणकून बधिर झाला. पण पुढे कधी कोणी विचारलं तर ते पायाचं काही सांगत नसत. ते म्हणत, "मी हिशेब करत होतो, आज कोण येणार आहे. गाडीवाला उद्या येणार होता. ताईचा फोन रविवारी. आज मंगळवार. म्हणजे कोणीच नाही."

तीन वाजता टेबलावरचा फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. ड्रायव्हिंगबाई गाडीची वेळ मागायला फोन लावत लावतच चिडून पुन्हा आल्या होत्या. फोन कानाला लावूनच त्या शटरशी आल्या आणि थांबल्या. "फोन तर इथंच वाजतोय. मग माणूस कुठंय?"

"खाली," काका म्हणाले.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि गाडीखाली डोकं घातलं. मग त्यांनी एकदमच विचारलं, "सकाळीही इथंच होतात?"

काका म्हणाले, "तेव्हाच आलो होतो नुकता."

सहा आठवडे प्लास्टर. ताई आल्या, पंधरा दिवस राहिल्या, गॅरेज आणि मागच्या दोन खोल्या धुऊन-पुसून लख्ख केल्या आणि सारखं एकच बोलत राहिल्या. "बंद कर आता हे. आमच्याकडे चल. वरची खोली मोकळीच आहे."

"तिथं मी काय करू?"

"काय करू म्हणजे? माणसं काय करतात?"

माणसं काय करतात याचा काकांनी फारसा विचार केला नव्हता. ते म्हणाले, "गॅरेज नाही बंद करायचं."

"मग खड्डा बंद कर. एकट्या माणसानं त्या विहिरीत उतरायचं नाही. लिफ्ट लाव. गाडी वर जाऊ दे, तू जमिनीवर राहा. हे कबूल नसेल तर मी इथून हलत नाही."

ताईंनी हलू नये असं काकांना वाटत होतं, ते तोंडून निघू नये म्हणूनच त्यांनी झटकन कबूल केलं.

पैशाची अडचण नव्हती. खर्चायला कारणच नसल्यानं ते साठले होते. अडचण होती निवडीची. काकांना गाडीचा कुठलाही भाग आवाजावरून सांगता आला असता, पण लिफ्ट त्यांनी फक्त रस्त्यानं जाताना दुसऱ्यांच्या गॅरेजात पाहिली होती. प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत ते एका दुकानात गेले. विक्रेता उत्साही होता. त्यानं चार कॅटलॉग पुढ्यात टाकले आणि विचारलं, "आपल्याकडे गाड्या लावायच्या जागा किती? आणि माणसं किती?"

"एक."

"जागा एक. आणि माणसं?"

"तेच सांगतोय. जागा एक, माणूस एक."

विक्रेत्यानं चारातले दोन कॅटलॉग हळूच मागे ओढून घेतले.

काकांना कॅटलॉगमधलं काही पटेना. त्यात लिफ्टखाली उभे असलेले सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हसत होते. त्यांनी ठरवलं, जिथं लिफ्ट चालते तिथं जाऊन बघायची. पुढचे तीन आठवडे ते शहरभर फिरले.

टायरच्या दुकानात कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट होती. दोन फळ्या गाडीला पोटाखालून धरून वर न्यायच्या. चाकं बदलायला झकास, पण फळ्यांनीच मधली जागा अडवलेली. गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं तर हात घालायचा कुठून? ती बाद झाली. एका मोठ्या वर्कशॉपात चार खांबांची होती. दोन रुळांवर गाडी चढवायची आणि रुळांसकट वर न्यायची. भक्कम होती. काका खूश झाले. तेवढ्यात एक गाडी चढवताना दिसली. चालक आत, आणि समोर एक जण हातवारे करत उभा. "डावीकडे. अजून. बस, बस." काका बराच वेळ तो हातवारे करणारा माणूस बघत राहिले. वर्कशॉपच्या मालकानं विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे," काका म्हणाले. "पण मोठी पडेल मला."

उरली दोन खांबांची. दोन्ही बाजूंना एकेक खांब, प्रत्येकाला दोन हात. ते चार हात गाडीच्या कडेखाली ठरलेल्या चार जागी लावायचे आणि उचलायचं. चाकं मोकळी, पोट मोकळं. हीच घ्यायची, असं काकांच्या मनानं घेतलं. कोणीतरी सांगितलं, गावाबाहेर एक गॅरेज बंद होतंय, तिथली दोन खांबांची जुनी लिफ्ट विकायची आहे. काका बसनं गेले.

गॅरेज केवढं तरी होतं. सहा गाड्या मावतील असं. आत एकही नव्हती. मालक काकांच्याच वयाचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. त्यांनी स्वतः बटण दाबून रिकामी लिफ्ट वर नेऊन दाखवली. काकांनी खिशातून सुती फडकं काढलं आणि लिफ्टच्या तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. तीन ठिकाणी फडक्याचे धागे अडकले. म्हणजे तिथं तारेतले बारीक पदर तुटलेले.

मालकांनी ते पाहिलं. "तार बदलता येईल," ते म्हणाले.

"येईल," काका म्हणाले. "आणि उतरवताना खटका कुठून सोडायचा?"

"दोन्हीकडून. एकानं या खांबाचा खेचायचा, एकानं त्या खांबाचा. दोघांनी एकदम." मालक थांबले. "आमच्याकडे माणसं होती तेव्हा."

ते दोघं चहा प्यायले. मालकांचा एक मुलगा होता, तो दुसऱ्या धंद्यात गेला होता. जुने मेकॅनिक एकेक करून मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपात गेले होते. मालकांनी सगळ्यांची नावं सांगितली, कोण कुठल्या कामात पटाईत होता तेही सांगितलं, आणि काका निघताना ते फाटकापर्यंत आले. "लिफ्ट नको तर नको," ते म्हणाले, "पण इकडे आलात तर या." काकांना बसमध्ये सारखं वाटत राहिलं, आपण तार तपासायला नको होती.

शेवटी नवीच घ्यायची ठरली. कंपनीनं जागेची मापं घ्यायला एक तरुण इंजिनिअर बाई पाठवली. तिनं आल्या आल्या बूट काढून ठेवावेत की नाही असं बघितलं, कारण ताईंनी पुसलेली फरशी अजून चमकत होती. मग तिनं कामाला सुरुवात केली. छत मोजलं. छताची उंची कमी होती, म्हणून खांबांना वरून जोडणारी लिफ्ट चालणार नव्हती. जमिनीवरून पट्टीनं जोडलेली, बुटकी घ्यावी लागणार होती. जमिनीला ड्रिलनं भोक पाडून काँक्रीटची जाडी बघितली आणि मान हलवली.

"हे चार बोटं पण नाही. आणि शेजारी खड्डा. खांबाचे बोल्ट उपटून येतील. खड्डा पूर्ण भरून, वरून जाड स्लॅब टाकावा लागेल. सळया घालून. आणि मग अठ्ठावीस दिवस हात लावायचा नाही."

"अठ्ठावीस?"

"सिमेंटला ताकद यायला लागतात. घाई केली तर तुमच्याच डोक्यावर गाडी येईल." तिनं पान उलटलं. "आता उंची सांगा."

"छताची मोजलीत ना."

"तुमची."

काकांना माहीत नव्हती. शाळा सोडल्यापासून कोणी मोजली नव्हती. तिनं त्यांना भिंतीला टेकून उभं केलं आणि टेप धरली.

"मान सरळ करा, काका."

"सरळच आहे."

टेप तशीच धरून तिनं डोक्यामागे आणि भिंतीमध्ये राहिलेल्या जागेकडे बघितलं. मग मानेचा बाक अंदाजानं धरून एक आकडा लिहिला. "लिफ्ट या उंचीला थांबेल अशी खूण करून देईन," ती म्हणाली. "वाकायला नाही लागणार. एकटेच असता ना?"

"हो."

"मग एकाच दांड्यानं दोन्ही खांबांचे खटके सुटतात, ती घ्या. थोडी महाग आहे, पण तुम्हाला तीच. आणि फोन खिशात ठेवायचा, टेबलावर नाही."

हे तिला कोणी सांगितलं, काकांनी विचारलं नाही. ड्रायव्हिंगबाई सकाळी तिला रस्ता दाखवायला आल्या होत्या.

खड्डा बुजवायच्या आधी काकांनी तो साफ केला. गाळातून नट आवळायचे अकरा पाने निघाले. हरवले म्हणून प्रत्येकाच्या जागी त्यांनी नवा घेतला होता आणि प्रत्येक वेळी ताईंवर आळ घेतला होता. रविवारच्या फोनवर त्यांनी ताईंना आकडा सांगितला. मग मजूर आले. विटांचे तुकडे, वाळू, वर सळयांची जाळी, वर काँक्रीट. दोन दिवसांत सदतीस वर्षं भरून गेली. काकांना वाटलं होतं जिवावर येईल. तसं काही झालं नाही. फक्त संध्याकाळी हात धुवायला लागले तेव्हा हात स्वच्छच होते, आणि ते नळाखाली हात धरून काही वेळ तसेच उभे राहिले.

अठ्ठावीस दिवसांत करण्यासारखं एकच काम होतं. स्लॅबवर पोती पसरलेली, त्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. काका दुपारीही मारत. पाणी मारून झालं की ताईंच्या टेबलामागे बसत. तिथून रस्ता दिसायचा. कोण किती वाजता जातं हे आठवड्यात पाठ झालं. ओळखीचं कोणी गेलं तरी त्यांना ओळखता यायचं नाही, कारण चेहरे पाहिलेच नव्हते. एकदा तर त्यांनी एका बाईंना तुमचं काय काम म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो काका, मी दहा वर्षं तुमच्याकडेच येते!" काकांनी त्यांच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "हां, हां. मागच्या चाकाचं बेअरिंग."

दहाव्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि ताईंकडे गेले. चार दिवस राहायचं असं सांगून.

घर छान होतं. भाऊजींनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्यानं, वरची खोली दाखवली, नकाशे दाखवले, कुठली नदी कुठून वळण घेते ते सांगितलं. माणूस सज्जन. काकांनी त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं. गाडी ठणठणीत होती.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. भाऊजी मान वर न करता म्हणाले, "ते जरा..." आणि ताईंनी मीठ पुढे केलं. ताई म्हणाल्या, "उद्या त्यांच्याकडे..." आणि भाऊजी म्हणाले, "सांगितलंय मी." काका जेवता जेवता थांबले. अर्ध्या वाक्यावर काम चालतं असं बोलणं त्यांना ओळखीचं होतं. ते आता इथं चालू होतं, आणि चांगलं चाललं होतं. त्यांना वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नव्हतं. ताईंचा चेहरा त्यांनी इतका निवांत कधी पाहिला नव्हता. मुळात चेहरा पाहिलाच कितीसा होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पिशवी घेऊन खाली आले.

"हे काय? चार दिवस म्हणालास ना?"

"स्लॅबला पाणी मारायला हवं."

"शेजारच्या शिंप्याला सांगून नाही आलास?"

"सांगायचं राहिलं."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. खोटं त्यांना लगेच कळायचं, जमिनीतून बोललेलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "तुझ्या मनात काय आहे ते सांगत का नाहीस कधी?"

"काही नाही गं. तू बरी आहेस ना, बस."

ताई बसस्टॉपपर्यंत आल्या. दोघं बाकावर शेजारी बसले. बस उशिरा आली. ताई मध्येच म्हणाल्या, "ते अकरा पाने मी नव्हते हरवले." काका म्हणाले, "माहितीय." मग दोघंही हसले, आणि ताईंनी डोळे पुसले. घरी पोचल्यावर काकांनी पाहिलं तर पोती ओली होती. शिंप्यानं न सांगता पाणी मारलं होतं. कॉम्प्रेसर बंद असल्याबद्दलचे उपकार फेडतोय, असं तो म्हणाला.

एकोणतिसाव्या दिवशी लिफ्ट आली. दोन फिटरांनी दिवसभर खपून ती उभी केली, बोल्ट आवळले, पातळी तपासली. इंजिनिअर बाई पहिल्या गाडीच्या वेळी थांबली. पहिली गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच होती. काकांनी चारही हात गाडीखाली ठरलेल्या जागी लावले. वीतभर उचलून थांबवली, धक्का देऊन पाहिली. हलत नव्हती. मग बटण दाबून धरलं. गाडी वर गेली. खटके टक टक करत एकेक दात मागे टाकत गेले. भिंतीवर लाल रंगाची रेघ होती, तिथं काका थांबले. किंचित खाली घेऊन गाडी खटक्यांवर टेकवली.

"जा आता खाली," ती म्हणाली.

काका गाडीखाली गेले आणि सवयीनं वाकले. डोक्यावर वीतभर जागा मोकळी होती, तरी ते वाकूनच उभे राहिले. तिनं सांगितलं, ड्रायव्हिंगबाईंनी सांगितलं, मग काकांनीही मान वर करायचा प्रयत्न केला. मान ऐकेना. पुढे कितीतरी दिवस ते मोकळ्या जागेत वाकून काम करत होते, आणि डोकं आपटेल म्हणून अधूनमधून दचकत होते. हळूहळू थोडी सुटली मान. पूर्ण नाही.

लिफ्टमुळे काम सोपं झालं. गुडघे कुरकुरेनासे झाले. ब्रेकची हवा काढायला दाबानं तेल ढकलणारी एक बाटली मिळते, ती त्यांनी घेतली. तिला दाब, सोड असं काही म्हणावं लागत नाही. बाटली लावायची, स्क्रू सोडायचा, झालं. पहिल्यांदा ते काम अर्ध्या वेळात झालं, आणि उरलेल्या वेळात काका हातातलं फडकं घडी घालत बसले.

एका शनिवारी ड्रायव्हिंगबाई सहा शिकाऊ माणसं घेऊन आल्या. "काका, यांना गाडीचं पोट दाखवा. चालवणाऱ्याला ते एकदा तरी माहीत हवं. खड्ड्यात काय कोणाला नेता आलं नसतं."

काकांना घाम फुटला. एका वेळी एवढ्या माणसांशी ते जन्मात बोलले नव्हते. पण गाडीखाली गेल्यावर बोट दाखवून सांगता येत होतं, आणि बोट दाखवताना लोकांकडे बघावं लागत नव्हतं. ही तेलाची टाकी. हा सायलेन्सर, हा गंजला की आवाज फुटतो. ही ब्रेकची नळी, हिच्यावर तुमचा जीव आहे. कॉलेजातली एक मुलगी होती, एक बँकेतले गृहस्थ होते, दोन जावा होत्या. सगळे माना वर करून बघत होते. काकांनी मध्ये एक विनोदही केला, आणि लोक हसले.

शेवटी त्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही स्वतः सगळ्यात लांब गाडी कुठवर नेलीय?"

काकांनी विचार केला. "चौकापुढच्या वळणापर्यंत," ते म्हणाले. "आवाज येतोय का ऐकायचं, आणि परत यायचं."

त्यांना वाटलं हाही विनोदच आहे. ते हसले, काकाही हसले. मग सगळे गेले. काकांनी गाडी खाली घेतली, लिफ्टचे दोन हात आत वळवले, दोन राहू दिले आणि टेबलामागे जाऊन बसले. सदतीस वर्षांत हजारो गाड्या हाताखालून गेल्या होत्या. लायसन्स वेळेवर नवं होत होतं. वळणाच्या पुढे रस्ता कसा आहे ते त्यांना बसच्या खिडकीतून तेवढं माहीत होतं.

आता महिन्यातून एक शनिवार ती माणसं येतात, दर वेळी नवीन. शुक्रवारी काका दाढी करतात. एकदा सगळे गेल्यावर ते बाईंना म्हणाले, "मला खरं म्हणजे लांबचं चालवता येत नाही. वळणापुढे मी गेलोच नाही कधी."

बाई हसल्या नाहीत. "मंगळवारी सकाळी सातची वेळ रिकामी असते माझी," त्या म्हणाल्या. "कधीही या."

"बघतो," काका म्हणाले.

त्याला चार महिने झाले. मंगळवारी सातच्या आधीच काका शटर वर करतात आणि दारात झाडत असतात. बाईंची गाडी येते, जरा हळू होते. चालकाच्या जागी बाईच असतात, शेजारची जागा रिकामी. काका हात वर करतात. बाई मान हलवतात आणि पुढे जातात, चौकातून, मग वळणावरून. काका झाडू भिंतीला टेकवतात आणि त्या दिवशीची पहिली गाडी लिफ्टवर घेतात.